कळंब्याच्या जुन्या लाइनीवर

१० जानेवारी १९८३, सोमवार

पुण्याच्या दैनिकाने आपल्या कोल्हापूरच्या वार्ताहरास, म्हणजे मला, नववर्षाची भेट म्हणून ही दैनंदिनी धाडली. ती आज पोचली. आमच्या बातम्याही साधारण याच वेगाने छापल्या जातात, तेव्हा तक्रार नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुविचार छापलेला आहे. तो झाकेल इतके लिहायचे ठरवले आहे.

प्रारंभ बाबालालचाचांपासून. मंगळवार पेठेत आम्ही वर राहतो, ते खाली. बावीस वर्षे झाली. पाणीपुरवठा खात्यात ते चावीवाले होते. रस्त्यातले लोखंडी झाकण उचलायचे, लांब दांड्याची चावी आत घालायची, आटे फिरवून पाणी सोडायचे आणि वेळ झाली की बंद करायचे. हे त्यांनी चौतीस वर्षे केले. निवृत्त होऊन बारा झाली. खात्याने मोडीत काढलेली एक चावी, छातीइतकी उंच, अजून त्यांच्या दाराआड उभी असते. आमच्या दाराआड छत्री असते तशी.

वर्षभरात त्यांचा विसर वाढला आहे. चहा पिऊन झाल्यावर चहा मागतात. नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतात. आज सकाळी बिड्या आणायला गेले ते दुपारी कळंब्याच्या तुरुंगाच्या फाटकाशी सापडले. पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारत होते, पावणं, माझं घर कुठं आलं. पेठेतल्याच एकाने ओळखले आणि सायकलवर बसवून आणले. मुलगा दिलदार शिरोलीच्या फाउंड्रीत असतो. निरोप मिळताच तसाच काळ्या हातांनी आला आणि सर्वांदेखत म्हणाला की उद्यापासून दाराला बाहेरून कडी. खैरुनचाची चाचांच्या पायजम्याला लागलेली कुसळे एकेक उपटत बसल्या.

वर येऊन मी मीनाबाईंना (आमचे कुटुंब) म्हणालो की स्मृतीचे स्थान जिव्हेवर आहे. पाठांतर सुटले की ती जाते. दिलदारला थोडे थांबायला सांगतो, चाचांना मी रोज शिकवीन. त्या म्हणाल्या, शिकवा. मग त्यांनी विचारले की गुरुवारी पोस्टात टाकायला दिलेले पत्र टाकलेत ना. ते खिशातच होते. सुरक्षित.

१४ जानेवारी, शुक्रवार

तीन दिवस अध्यापन झाले. पाठशाळेत आम्हाला पहिल्या दिवशी जे घोकायला लावले तेच मी चाचांना दिले: देवः देवौ देवाः. ते शांतपणे ऐकून घेत. आज म्हणाले, "शास्त्री, देवाला तीन-तीनदा हाक मारालास. एकदा तरी ओ दिली काय त्यानं?"

अध्यापन बंद. संक्रांतीचा तिळगूळ त्यांनी दोनदा घेतला. दुसऱ्या वेळी विसरून घेतला की मुद्दाम, हे चेहऱ्यावरून कळेना.

१७ जानेवारी, सोमवार

मीनाबाईंच्या आग्रहावरून चाचांना डॉ. हंबीरराव माने यांच्याकडे नेले. गृहस्थ तरुण आहेत आणि दवाखान्यात कॅनव्हासचे बूट घालून बसतात. त्यांनी स्वच्छच सांगितले की गेलेले परत आणणारे औषध नाही. पण मेंदूही रक्तावरच जगतो. जी म्हातारी माणसे रोज दम लागेल इतक्या झपाट्याने चालतात त्यांचे उरलेले बरेच दिवस टिकते, असा काही जणांचा अनुभव आहे. परदेशात तपास चालू आहे, पुरावा अजून पक्का नाही. तीन महिने करून पाहा. मोजमाप सोपे: चालताना बोलता यावे, गाता येऊ नये.

स्मृती पायांत असते हे पाठशाळेत कोणी सांगितले नव्हते. पण चाचांना ते एका दमात पटले. म्हणाले, पाणी पळालं न्हाय की लाइनीत गाळ बसतो. जोरात सोडायचं, लाइन धुऊन निघते. डॉक्टर खूश झाले.

मग केवळ सौजन्य म्हणून त्यांनी माझीही नाडी पाहिली. "आलेच आहेत तर" असे मीनाबाईंनी सुचवले होते म्हणे. पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. मी तीन सांगितले, सारांश करणे हा माझा व्यवसायच आहे. आजची तारीख विचारली. मी तिथी सांगितली. इंग्रजी सांगा म्हणाले. मी सोळा म्हणालो, होती सतरा. "वार्ताहराची तारीख नेहमी कालचीच असते," असे मी म्हणालो. डॉक्टर हसले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतले. चांगला विनोद टिपून ठेवणारा डॉक्टर विरळा. शिवाय यंदा पंचांगात क्षयमास आहे, म्हणजे पूर्ण एक महिनाच गहाळ. त्याला कोणी दवाखान्यात नेत नाही.

दिलदारने एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिली आहे. अट एकच, चाचा एकटे बाहेर पडता कामा नयेत. पुन्हा हरवले तर कडी.

१८ जानेवारी, मंगळवार

सकाळी साडेसहाला प्रस्थान. मीनाबाई जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, चाचांचा हात सोडू नका. खाली खैरुनचाची चाचांच्या कानाशी लागून त्यांच्या बोलीत काही सांगत होत्या. चाचांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिले आणि गंभीरपणे मान डोलावली. "व्हय, बघतो की मी." काय बघणार होते ते त्या नवरा-बायकोलाच ठाऊक.

कळंब्याच्या रस्त्याला लागलो. चाचांच्या टांगा लांब. पाचव्या मिनिटाला मला एका झाडाखाली थांबून त्यांना सूर्योदय दाखवावा लागला. दहाव्या मिनिटाला आणखी एकदा दाखवला. ते म्हणाले, बस निवांत, सूर्य कुठं पळून जातोय.

२६ जानेवारी, बुधवार

शोध लागला. कळंब्याच्या तलावाची जुनी लाइन याच रस्त्याने गावात येते आणि तिच्यावर चाचांच्या जुन्या चाव्या आहेत (झाकणाखालच्या झडपेलाही खात्यात चावीच म्हणतात). घराची वाट विसरणारा माणूस रस्त्यातले झाकण दिसले की ठेचकाळल्यासारखा थांबतो आणि ती चावी किती आट्यांची ते सांगतो. "अठरा आटं. एकुणिसावा दिलास तर बसती, मग बापाला बी फिरत न्हाय." मी दैनंदिनीच्या मागल्या पानावर यादी सुरू केली आहे. आज तीन झाकणे आठवली.

मीनाबाईंनी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर रोज पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केली आहे. कधी फुली, कधी टिंब, कधी दोन्ही. विचारल्यावर म्हणाल्या, पाणी आल्याची खूण. काल नळाला पाणी नव्हते, तरी खूण होती. त्यांचे पाणी खात्यापेक्षा नियमित येते.

९ फेब्रुवारी, बुधवार

आजपासून चाचांनी दाराआडची चावी बरोबर घेतली. मीच सुचवले. हातात काठी बरी. झाकणापाशी थांबून ते चावीचे एक टोक खाली टेकवतात आणि दुसऱ्याला कान लावतात. पाणी वाहते की नाही ते त्यांना ऐकू येते. मीही कान लावला. मला माझाच श्वास ऐकू आला.

चालता चालता मला एक विनोद सुचला: वार्ताहराची तारीख नेहमी कालचीच असते. चाचांना सांगितला. ते म्हणाले, "ह्ये तिसऱ्यांदा सांगालास." सकाळची न्याहारी ज्यांना दुपारी आठवत नाही त्यांनी हे म्हणावे. मी वाद घातला नाही. रुग्णाचे मन मोडू नये.

२७ फेब्रुवारी, रविवार

पुण्याहून उपसंपादकांचे पत्र. नेसरीच्या शेतकरी मेळाव्याची बातमी माझ्याकडून दोनदा आली आणि दोन्हींत अध्यक्ष वेगळे होते म्हणे. उत्तर लिहिले की निवड आपण करावी. मीनाबाईंना वाचून दाखवले तर त्या हसल्या नाहीत. आताशा पाकिटे त्याच बंद करतात आणि बंद करण्याआधी वाचतात. लग्नानंतर सव्वीस वर्षांनी त्यांना माझ्या लेखनाची गोडी लागली.

झाकणे: सात.

१६ मार्च, बुधवार

दोन महिने होत आले म्हणून डॉक्टरांकडे (नाव ओठावर आहे, आत्ता येईल) फेरी. त्यांनी चाचांना जानेवारीतलेच प्रश्न विचारले. उत्तरेही जानेवारीतलीच, चुकांसकट. मला वाईट वाटले, कारण अकरा झाकणांची यादी मी अभिमानाने बरोबर नेली होती. डॉक्टर म्हणाले, उतरले नाहीत हेच पुष्कळ. झोप सुधारली, चिडचिड गेली, चाल मोकळी झाली, हे मोजायला विसरू नका. मग नेहमीच्या सौजन्याने माझी नाडी. जिना चढून आल्यावर जानेवारीत एकशे अठरा होती, आज अठ्ठ्याण्णव. माझ्यावर ते इतके प्रसन्न झाले की रुग्ण कोण याचाच त्यांना विसर पडला असावा.

एक नोंद करतो. आज बिंदू चौकात मी आणि चाचा चालत असताना एक जण म्हणाला, "चाचा, शास्त्रीबुवांना बरं हाय न्हवं आता?" लोकांना काही कळत नाही.

हंबीरराव. हंबीरराव माने.

२१ एप्रिल, गुरुवार

आज फार वाईट झाले. जसे झाले तसे लिहितो.

उन्हाळ्यामुळे पाणी एक दिवसाआड आहे. परतताना कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात मी एका नगरसेवकाशी बोलायला थांबलो. चाचा बाहेर उभे होते. बातमी बरी होती, बोलणे लांबले. बाहेर येऊन मी सरळ घराच्या दिशेने चालू लागलो. शंभर पावले गेल्यावर आपल्या डाव्या हाताला काहीतरी कमी आहे असे वाटले. काय ते आठवायला आणखी शंभर पावले लागली.

तोवर चाचांनी खालच्या गल्लीतले झाकण उचलले होते. गुरुवार ही त्या गल्लीची पाळी, निदान एकाहत्तर सालापर्यंत तरी होती. त्यांनी मोजून चौदा आटे दिले. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. खालच्या गल्लीतल्या बायका घागरी, बादल्या, परात, मिळेल ते भरू लागल्या आणि चाचांना दुवा देऊ लागल्या. वरच्या गल्लीतला नळ मात्र कोरडा पडला, आणि तिथे चिमणाबाई म्हणून एका म्हातारीच्या नातीचे लग्नघर. हल्लीचा चावीवाला कृष्णात सायकलवरून शिव्या देतच आला. चाचांना पाहिल्यावर सायकल टाकली आणि म्हणाला, "उस्ताद, आता शुक्रवारची पाळी हाय वो ही." चाचा त्याच्याकडे पाहत राहिले. त्याला हे काम त्यांनीच शिकवले होते. त्यांनी ओळखले नाही.

दिलदार आला. चुकी माझी होती, मी सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला की काका, तुमच्यावर राग नाही, पण उद्या हे एखाद्या मोटारीखाली सापडले तर मी काय करू. चावी उचलून भट्टीत टाकायला शिरोलीला घेऊन गेला. जाण्याआधी दाराला बाहेरून कडी ठोकली. चाचा आतून विचारत होते, काय ठोकालाय रे.

२२ एप्रिल, शुक्रवार

साडेसहाला आतून दारावर थाप. चाचा ओरडत होते की दार काढा, शास्त्रीला चालवून आणायचाय. बिचारे. कोणी कोणाला चालवून आणायचे तेही उलटे झाले.

खैरुनचाची कडीपाशी बसल्या होत्या. हात कडीवर होता, पण मुलाला शब्द दिलेला. मी जिन्यावर बसलो. फिरायला गेलो नाही.

३० एप्रिल, शनिवार

नऊ दिवस घरीच. चाचा आता थाप मारत नाहीत. चाची सांगत होत्या की रात्री झोपत नाहीत, दिवसा जेवत नाहीत, काल त्यांनाच विचारले की बाई, तू कोण. मीही दोन बातम्या पाठवायच्या विसरलो. मीनाबाईंच्या दिनदर्शिकेवर या नऊ दिवसांत फुल्याच फुल्या आहेत, टिंब एकही नाही. पाण्याचे काहीतरी बिनसले आहे.

२ मे, सोमवार

अक्षर आज वाकडेतिकडे आले आहे, सांभाळून घ्यावे. कोणी? मीच.

सकाळी एकटाच फिरायला निघालो. मीनाबाई नको म्हणाल्या. मी म्हणालो की तीन महिने मी चाचांना नेले-आणले, स्वतःला नेणे-आणणे काय अवघड. झपाट्याने गेलो, चाचांच्या चालीने. संभाजीनगर वसाहतीच्या पुढे ऊन चढले म्हणून परत वळलो. वळलो आणि समोर दोन रस्ते होते. दोन्ही मला ठाऊक होते. घराचा कोणता ते ठाऊक नव्हते. चक्कर नव्हती, धाप नव्हती. पाटीवरचे अक्षर पुसावे तसे काहीतरी पुसले गेले होते, आणि पाटी मी होतो. एका मोरीच्या कठड्यावर बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारता आले असते. वार्ताहराने कळंब्याच्या रस्त्यावर मंगळवार पेठ कुठे म्हणून विचारायचे? लाज वाटली. नंतर लाजही वाटेना, नुसती भीती.

किती वेळ गेला ते माहीत नाही. मग दुरून लांब टांगा येताना दिसल्या, मागून धापा टाकत खैरुनचाची.

घडले होते असे. नऊ वाजले तरी मी आलो नाही म्हणून मीनाबाई खाली रडत उतरल्या. चाचांनी ते आतून ऐकले. म्हणाले की कडी काढ, त्यो कुठं बसतोय ते मला ठावं हाय, पाचव्या झाकणापाशी त्याचा दम सुटतोय. चाचींनी मुलाला दिलेला शब्द मोडला. तिथून चाचा झाकण ते झाकण करत आले.

माझ्यासमोर उभे राहिले, वाकले आणि माझ्या छातीला कान लावला. चावीला लावत तसा.

"पाणी हाय लाइनीत," म्हणाले. "प्रेशर कमी पडलंय. ऊठ."

मी म्हणालो, "चाचा, मला वाट आठवेना."

"मग मी कशाला हाय? तुला एकटा सोडू नगो म्हणून संक्रांतीपास्नं सांगितलंय मला ह्या बायांनी. न्हायतर ह्या वयात उनातान्हाचं कोण फिरतंय?"

खैरुनचाची पदराने तोंड पुसत दुसरीकडे पाहू लागल्या. मी म्हणणार होतो की मलाही अगदी हेच सांगितले होते. त्याऐवजी उठलो.

निघालो. चाचा पुढे, झाकण आले की आटे सांगायचे. मी मागून मोजायचे. सोळा, अठरा, बारा. मंगळवार पेठेत आलो, आमच्या दारात आलो आणि चाचा थांबले. इकडे तिकडे पाहिले. हळूच मला विचारले, "शास्त्री, ह्ये कुणाचं घर?"

मी म्हणालो, "आपलं."

त्यांना वाट ठाऊक होती, मला घर. दोघे मिळून एक माणूस घरी पोचला.

५ मे, गुरुवार

दिलदार आला. चाचींनी त्याला सोमवारीच सगळे सांगितले होते, शब्द मोडला तेही. खिशातून पक्कड काढून त्याने दाराची कडी सोडवली. खिळे मोजून खिशात टाकले. मग सायकलला बांधलेले फडक्यातले लांबोडके काढले. चावी होती. भट्टीत टाकवली नाही म्हणाला, दोनदा हातात घेतली आणि ठेवली. शेवटी कापून कमरेइतकी केली आणि खालच्या तोंडावर वेल्डिंगचा गोळा बसवला. आता तिने कुठलीच चावी फिरणार नाही. काठी म्हणून टेकता येईल.

चाचांनी ती हातात घेतली, उलटी करून गोळा निरखला आणि म्हणाले, कुणा शहाण्यानं तोंड बुजवलं हिचं. दिलदार म्हणाला, म्या. चाचा म्हणाले, "काम बरं केलंय पर." तो मुलगा पंचेचाळिशीचा आहे. तोंड फिरवून सायकलची घंटी पुसत राहिला.

जाताना मला एवढेच म्हणाला, "काका, दोघंबी संगंच जावा आता. एकट्यानं कुणीच नगो."

८ मे, रविवार

आज साडेतीन महिन्यांची दिनदर्शिका चष्मा लावून, नीट, पहिल्यापासून पाहिली. मीनाबाई अंगणात होत्या. जानेवारीपासून ज्या दिवशी फिरायला गेलो त्या दिवशी टिंब. फुलीचे मी माझ्या या दैनंदिनीशी ताडून पाहिले. नेसरीची बातमी, फुली. वार्ताहराच्या तारखेचा विनोद, फुली; आणि मागची पाने चाळल्यावर तो मला सतरा जानेवारीला सापडला. चहाचे दुकान, फुली. दोन मेला फुली नाही, पेन्सिल दाबून दाबून कागद फाटला आहे. डाव्या कडेला दर आठवड्याच्या फुल्यांची बेरीज. जानेवारीत सहा. मार्चअखेर तीन.

खाली चाचींकडे काहीतरी निमित्त काढून गेलो. त्यांच्या भिंतीवरही तसलीच दिनदर्शिका, तसलीच टिंबे.

मीनाबाई आत आल्या, मी भिंतीसमोर उभा असलेला त्यांनी पाहिला. मी विचारले, या खुणा कसल्या म्हणालात?

"पाणी आल्याची," त्या म्हणाल्या. नजरेला नजर न देता.

मी म्हणालो, बरं.

सकाळी चाचा आणि मी पाचव्या झाकणाच्या पुढे दोन झाकणे गेलो होतो. मी वाटेत स्तोत्र म्हणायचा प्रयत्न केला, दुसऱ्या ओळीला दम लागला, म्हणजे चाल योग्य होती. आज नळाला पाणी नव्हते. घागरीतल्या पाण्याने हात धुतले, दोऱ्याने खिळ्याला टांगलेली पेन्सिल घेतली आणि आठ तारखेच्या चौकटीत टिंब मीच दिले.

आठच होती. दोनदा पाहून घेतले.